सातवी ब, बुधवार, पाचवा तास

रविवार, ८ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करायचा तर परत सरळ व्हायला कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि तुझी भावजय दुपारची आडवी झाली आहे. तेव्हा हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. आम्ही सगळे बरे आहोत. भावजयीचा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. तुझी भाची आठवड्यातून एकदा फोन करते, जेवलात का विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवते. तुझी लेक, जावई ठीक असतील. तू तिकडे शेजारच्या चार पोरांना गाणं शिकवायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. चाराची चाळीस व्हायला तुला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

फोन न करता पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तुझी तीन वाक्यं झालेली असतात, मग आपण रक्तदाबावर येतो आणि तिथेच संपतो. आज मला पूर्ण बोलायचं आहे.

तर बातमी अशी की माझ्या वेळापत्रकात चूक झाली.

हसू नकोस. एकोणीस वर्षांत पहिली. या एकोणीस वर्षांत एका वर्गात दोन शिक्षक आले नाहीत, एक शिक्षक दोन वर्गांत गेला नाही. बाळंतपणाच्या रजा आल्या, बदल्या आल्या, एका वर्षी अर्धी इमारत रंगकामाला गेली, पण माझ्या फळ्यावरचा एक तास हलला नाही. तो फळा तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या चुकीची उंची तुला कळणार नाही. स्टाफरूमची अख्खी भिंत, एकेका वर्गाची आडवी ओळ, आठवड्याच्या प्रत्येक तासाला एक खिळा, खिळ्याला पुठ्ठ्याची रंगीत पत्ती. प्रत्येक शिक्षकाचा रंग ठरलेला. माझी निळी. भूगोलवाल्या सरांची बदामी. तुझी पिवळी. तू गेल्यावर तुझ्या पत्त्या मी उतरवून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. फेकल्या नव्हत्या. का ते मला विचारू नकोस.

या जूनमध्ये फळा लावायला बसलो तेव्हा तो डबा उघडा होता. मोतीबिंदू पिकायला लागलाय असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणतो बदामी रंग विटला आहे. काही असो, सातवी ब, बुधवार, पाचवा तास, तिथे भूगोलाची बदामी लावायची, ती मी तुझी पिवळी लावली.

आता गंमत बघ. फळा भरलेला दिसत होता. एकही खिळा रिकामा नाही, म्हणून मी निर्धास्त. शिक्षकांचे कागद काढताना भूगोलवाल्यांच्या बदामी पत्त्या मोजल्या, त्या एकाने कमी भरल्या, त्यांना एक तास कमी मिळाला. एक तास कमी मिळाला म्हणून तक्रार करणारा शिक्षक अजून जन्माला यायचा आहे. वर्गांचे कागद कारकूनबाईंनी फळ्यावर बघून उतरवले. त्यांच्याकडे रंगांची जुनी यादी. पिवळी म्हणजे संगीत. त्यांनी सातवी बच्या कागदावर लिहिलं, संगीत. तो कागद जुलैत वर्गात डकवला गेला. म्हणजे शाळेत जी बाईच नाही तिला मी तास दिला, आणि पोरं तिची वाट बघत बसली.

पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. इथे कोणताही शहाणा वर्ग काय करील? मॉनिटर स्टाफरूममध्ये येऊन सांगेल. सातवी बने सांगितलं नाही. सांगितलं तर गणित मिळेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठ बुधवार, ताई! एक्केचाळीस पोरांनी आठ बुधवार एक गुपित पोटात ठेवलं. आपल्या स्टाफरूममध्ये सव्वीस माणसं आहेत आणि एक गुपित मधली सुट्टी ओलांडत नाही.

परवाच्या बुधवारी मी खडू आणायला त्या बाजूने गेलो. सातवी बचं दार बंद, खिडक्या बंद, आणि आत शांतता. सातवी ब आणि शांतता! शाळेला आग लागली तरी ही पोरं आधी तिच्यावरून भांडतील. मला वाटलं कोणाला तरी लागलंबिगलं आणि सगळी घाबरून गप्प बसली आहेत. दाराच्या काचेतून पाहिलं. सगळी उभी, तीन घोळक्यांत. तोंडं हलत होती. कान काचेला लावला तेव्हा शेजारच्या घरात कोणी बारीक आवाजात रेडिओ लावावा तसं ऐकू आलं. ती गात होती. बाहेर कोणाला कळू नये म्हणून गळा दाबून, एक्केचाळीस जण एकदम. समोर एक मुलगी डस्टरने तळहातावर ठेका देत होती, कारण डस्टरचा आवाज होत नाही. वर्ग तिला आजीबाई म्हणतो. सगळ्यांच्या चुका काढत असते म्हणून.

आणि गात काय होती सांगू? सुताराचं गाणं.

तेच, तू बाबांच्या कामाच्या आवाजांवरून रचलेलं. एक घोळका करवत ओढत होता, एक रंधा मारत होता, एक हातोडा ठोकत होता. मला सूर कळत नाही, हे आईनेही मान्य केलं होतं. वर गेला की खाली गेला तेही कळत नाही. पण मोजता येतं. कडव्याच्या शेवटी सगळी थांबली. एक, दोन, तीन, चार. त्या चार मात्रांत एक्केचाळीस पोरांनी एक डोळा मिटला. बाबा फळीची कड बघताना मिटायचे तसा. ह्या पोरांनी बाबांना कधी पाहिलं नाही. मी खडूचा खोका हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिलो, आणि पुढचं कडवं सुरू झालं तरी मला आत जाता येईना.

शेवटी गेलो. एका पोराने झटकन भूगोलाचं पुस्तक उघडलं, तेही उलटं. मी विचारलं, "कोण शिकवतं हे?"

आजीबाई पुढे आली. "आम्हीच, सर. आम्ही पाच जण चौथीत ताईबाईंकडे होतो. बाकीच्यांना येत नव्हतं."

पाच जण. पाचांनी छत्तीस जणांना शिकवलं, वाद्य नाही, वही नाही, बाई नाही. तीन वर्षांपूर्वी आठवड्यातून एकदा ऐकलेल्या गोष्टीवर. मी एकोणीस वर्षं दहावीला प्रमेयं शिकवतोय, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर सिद्धतेची पहिली ओळ कोणाला आठवत नाही. माझी छाती त्या दिवशी तुझ्यासाठी अशी फुगली होती की शर्टाची वरची गुंडी सोडावी लागली. भावजयीला विचार.

मी म्हटलं, "पुन्हा म्हणा. खिडक्या उघडून म्हणा." पोरं माझ्याकडे बघतच राहिली. मी वर्गात आहे म्हणजे मीही काहीतरी करायला हवं, असं आजीबाईचं मत पडलं. मी म्हटलं, बाळ, मला गाता येत नाही. ती म्हणाली, "मग हातोड्यात या, सर. हातोड्याला सूर लागत नाही. वेळेवर पडला की झालं." तुझा हा भाऊ पन्नासाव्या वर्षी सातवी बच्या हातोड्यात भरती झाला. एकदाही चुकला नाही, हे नमूद करून ठेवतो.

शुक्रवारी स्टाफ मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि चूक सांगितली. भूगोलवाले सर खिडकीबाहेर बघू लागले. शास्त्राच्या बाई म्हणाल्या, मग काढा ती पत्ती आणि लावा बदामी, त्यात मीटिंग कसली? मी म्हटलं, नाही काढणार. गोंधळ झाला. मोठ्या बाई, म्हणजे आपल्या आताच्या मुख्याध्यापिका, तू गेल्यावर आलेल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिथल्या तिथे उठून वर्गात गेल्या आणि पाचवा तास नसतानाही सातवी बला गाणं म्हणायला लावलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता. म्हणाल्या, "तास राहील. पण पोरांनी पोरांना किती दिवस शिकवायचं? बाई आणा."

आता मुद्द्यावर येतो. तुझं पद तीन वर्षं रिकामं आहे. या तीस तारखेपर्यंत कोणी रुजू झालं नाही तर ते कायमचं रद्द होणार, तसा कागद आला आहे. मग सातवी बच काय, पुढच्या कुठल्याच वर्गाला ते मिळणार नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, ताईबाई यायला तयार असतील तर मला दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही. आठवड्याचे चौदा तास देते, लेखी देते.

तुझे तास बंद झाले ते तू मनात धरू नकोस. तेव्हा वरून आदेश आला होता, कोणाच्या हातात काही नव्हतं, आणि त्यावर आता पुन्हा काय लिहायचं. जुनं झालं ते. तू ये. खोली तयार आहे, भावजयीने पडदेसुद्धा धुतले.

उत्तर लवकर दे.

तुझा भाऊ


शुक्रवार, १३ सप्टेंबर

ताई,

काल तू फोन केलास तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर भावजय दारातच. "येतायत! होकार दिला!" असं म्हणत ती गुडघा विसरून दोन पायऱ्या उतरली. मग चहा देता देता तुझा निरोप सांगितला, जसाच्या तसा. तू म्हणालीस, "त्याला सांग, मी त्या शाळेसाठी येत नाही, त्याच्यासाठी येते. तेव्हाही माझ्या बाजूने एकटा तोच भांडला होता."

मी चहा तसाच ठेवून गच्चीवर गेलो. रविवारचं पत्र परत मागवता आलं असतं तर बरं झालं असतं. ते आता येत नाही, म्हणून हे दुसरं. हे शेवटपर्यंत वाच, मग फोन कर किंवा करू नकोस.

वरून आदेश आला नव्हता.

एक कागद आला होता, हे खरं. त्यात लिहिलं होतं की कला आणि संगीताच्या तासांची मांडणी शाळांनी आपल्या गरजेनुसार करावी. एवढंच. कमी करा म्हटलं नव्हतं, बंद करा तर नाहीच. तो कागद आजही कचेरीतल्या फायलीत आहे, तू रुजू व्हायला आलीस की सही करताना तुझ्यासमोर तीच फाईल उघडणार. त्या कागदाच्या मागे दुसरा कागद लावलेला आहे. त्यात दहावीच्या निकालासाठी संगीताचे उरलेले सातही तास गणित आणि शास्त्राला द्यावेत, संगीत 'आवश्यकतेनुसार' घ्यावं, आणि संगीताच्या बाईंना ग्रंथालय आणि बदली तास द्यावेत, अशी सूचना आहे. अक्षर माझं आहे. सहीसुद्धा.

कोणी मला सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी उलट विचारलं होतं, "तुमच्याच ताई ना? त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, शाळेत नातं नसतं सर. केवढी ऐट होती त्या वाक्यात! घरी येताना मी ते मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं.

आणि सात तास हे एकदम सात झाले नव्हते. तू आलीस तेव्हा तुझे बावीस होते. दर जूनला मी फळा लावायचो आणि दोनचार पिवळ्या कमी लावायचो. परीक्षा आली की पोर्शन राहिला म्हणून तुझे तास आम्ही मागून घ्यायचो. तू म्हणायचीस, "घ्या, पण वर्गात जाऊन पोरांना विचारून घ्या." एकदाही कोणी विचारलं नाही. तुझी पेटी आधी हॉलमधून जिन्याखाली गेली, मग उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे. ती हलवायला शिपाईमामांना मीच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी तू स्टाफरूममध्ये आलीस. फळ्यासमोर उभी राहिलीस. एकही पिवळी पत्ती नव्हती. तू विचारलंस, "हे कोणी केलं?" मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं होतं, ताई. खरंच उघडलं होतं. पण बाहेर आलं, "वरून आलंय." तू माझ्याकडे पाहिलंस, माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "अरे, तू कशाला एवढा रडवेला होतोस? तू भांडलास, पुष्कळ झालं." भांडलो असं मी म्हटलंही नव्हतं. ते तूच मला दिलंस आणि मी ठेवून घेतलं. तीन वर्षं प्रत्येक पत्रात तू ते लिहितेस आणि मी खुशाली कळवतो.

निकाल वाढला का, हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. पहिल्या वर्षी दोन टक्के वाढला. माझा सत्कार झाला, तू अभिनंदनाचं पत्र पाठवलंस. दुसऱ्या वर्षी होता तिथे आला. तिसऱ्या वर्षी त्याच्याही खाली. त्यात गणिताचा दोष नाही, पण पिवळ्या पत्त्यांचाही नव्हता.

का केलं, हे सांगायचं राहिलं. निकाल हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. तुझे तास संपले की पोरं गुणगुणत माझ्या वर्गात यायची आणि मला फळ्यावर दोनदा डस्टर आपटावं लागायचं. मला त्याचा राग यायचा. तो राग जुना होता. तुला आठवतं का माहीत नाही. मी नऊ वर्षांचा होतो, तू चौदा. शाळेच्या कार्यक्रमात तुझा गट गाणार होता आणि मी हट्ट करून त्यात घुसलो होतो. आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तू नुसते ओठ हलव हं, आवाज काढू नको." अगदी प्रेमाने म्हणालीस. मी हलवले. आई पहिल्या रांगेत बसली होती, घरी आल्यावर म्हणाली, किती छान गायलास रे. तेव्हापासून मी कुठेही गायलो नाही, देवासमोर नाही, न्हाणीघरात नाही. हे मी तुझ्या माथी मारत नाही. तूही पोरच होतीस, आणि ज्याला येतं त्यालाच शिकवायचं असं तेव्हा सगळेच समजायचे. पण मी मनात धरलं, चाळीस वर्षं धरलं, आणि हातात फळा आला तेव्हा हिशेब चुकता केला. ही क्षुद्रबुद्धी माझी. हे लिहिताना कान तापले आहेत.

तरीही मी तुला हे कळवलं नसतं. भ्याडपणा अंगवळणी पडतो. मोठ्या बाईंना मी सोमवारी ती फाईल दाखवली तेव्हा त्याही म्हणाल्या, "आधी येऊ द्या त्यांना. सही होऊ द्या. मग सावकाश सांगा, नाहीतर पोरांचं नुकसान होईल." बाई व्यवहारी आहेत, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. मी हो म्हटलं.

मग बुधवार आला. पाचव्या तासाला मी हातोड्यात जाऊन उभा राहिलो. खिडक्या उघड्या होत्या. आजीबाईने डस्टर उचललं, पण सुरू करण्याआधी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, आमचा गाण्याचा तास बंद कोणी केला होता?" सहज विचारलं. पोरं कुठलाही प्रश्न सहजच विचारतात.

तुला जे सांगायला मला तीन वर्षं जमलं नाही, ते त्यांना सांगायला तीन सेकंदही लागले नाहीत. मी म्हटलं, "मी."

मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही तर हातोड्यात आहात!" आजीबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं की बघते तशी. मग विचारलं, "ताईबाईंना माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मला हातोड्यातून काढलं. ओरडून नाही, रीतसर. तिन्ही घोळक्यांनी आपापसांत बोलून ठरवलं की सरांनी आज बाहेर उभं राहावं. मी राहिलो. एकोणीस वर्षांत किती पोरांना त्या दाराबाहेर उभं केलं असेल, त्याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. बाहेरून गाणं चांगलं ऐकू येत होतं. हातोडा एका जागी अर्धी मात्रा घाईत पडला, मी असतो तर पडला नसता. भूगोलवाले सर तिथून जाताना थांबले, म्हणाले, "तुम्ही बाहेर?" मी म्हटलं, "शिक्षा." ते हसले, त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

आणि ताई, तिथे उभा असताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली. पण तिच्यापेक्षा जास्त अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे. काय पोरं आहेत! मी त्यांचा मार्कांचा मालक, वर्गशिक्षकांचा मित्र, पण त्यांनी बाईंच्या बाजूने मला घराबाहेर काढावं तसं काढलं. त्यातल्या छत्तिसांनी तुला धड पाहिलेलंही नाही. तू पाच जणांच्या कानात काहीतरी सोडून गेलीस आणि ते माझ्या फळ्याला पुरून उरलं. बाविसाचे सात केले, सातांचं शून्य केलं, तरी बाकी उरली. एवढ्या वर्षांत असं चुकलेलं गणित मी पाहिलं नाही, आणि ते चुकलं म्हणून मला इतका आनंदही कधी झाला नव्हता.

मोठ्या बाईंना सकाळी सांगून आलो की मी ताईला आधी कळवणार. त्या नाराज झाल्या, पण चौदा तासांचा शब्द त्यांनी मागे घेतला नाही. त्यातले सात मी माझ्या निळ्या पत्त्या उतरवून दिले आहेत. दहावीचे पालक ओरडतील. ओरडू देत, त्यांना मी तोंड देईन, यावेळी खरोखर देईन. तीन वर्षांपूर्वीची सूचना माझी होती, कोणाच्या आदेशाने नव्हती, असं लेखी करून फायलीला लावलं आहे आणि स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आहे. शास्त्राच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. शिपाईमामांनी मात्र न सांगता तुझी पेटी काढून पुसली. दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मी हात लावला नाही, मला त्यातलं कळत नाही.

आता तू ठरव. तू माझ्यासाठी येणार होतीस, ते कारण मी या पत्राने काढून घेतलं. सातवी बसाठी यावंसं वाटलं तर ये. आमच्या घरी उतरावंसं वाटलं नाही तर मोठ्या बाई शाळेजवळ खोली बघून देणार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. रस्त्यात भेटलो तर तू बोललंच पाहिजेस असं नाही. तीस तारीख सोमवारी आहे.

आणि नाही आलीस तर पद जाईल, मला थांबवता येणार नाही. पण तो बुधवारचा तास मी सोडणार नाही. पोरांनी आत घेतलं तर मी घेईन. मला सूर कळत नाही, पेटी येत नाही, शिकवायचं कसं तेही माहीत नाही. वाईट घेईन, पण घेईन. आणि वर्गात ज्याला गाता येत नाही त्याला मी ओठ हलवायला सांगणार नाही.

आईबाबा असते तर हे आधी त्यांच्यापुढे जाऊन सांगितलं असतं आणि तुझ्यासमोर त्यांनाच उभं केलं असतं, लहानपणी करायचो तसं. ते नाहीत. म्हणून थेट तुलाच लिहिलं.

तुझा गुन्हेगार, आणि तरी तुझाच,
धाकटा भाऊ